मतमोजणीत बाद कुणी व्हावे?



आपल्या नाशिक विभागात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांसाठी पसंतीक्रमाने मतदान होते. बऱ्याच सभासदांच्या घरी असे मतदार आहेत. १, २, ३ आकडे टाकून ते येतात. पुढे मोजणीत काय होते हे थोड्यांनाच ठाऊक. खरी मेख आहे उमेदवार बाद करण्याच्या नियमात.

१० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक घ्या. जागा ६, उमेदवार ७, वैध मते २८४. एका मताचे मूल्य १०० धरून कोटा आला ४०५८, म्हणजे सुमारे ४१ मते. पहिल्या पसंतीची मते संजय पवारांना ३३, धनंजय महाडिकांना २७. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८. या दोघांची कोट्यावरची जादा मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे गेली आणि ते निवडून आले. तळाच्याला आधी बाद करायचे असते, तर महाडिकच पहिले गेले असते. १९६१ च्या नियमांनुसार आधी जादा मते वाटतात, मग बाद करतात. हा क्रम बरोबरच आहे.

पण वाटायला जादा मते नसली की तळाचा उमेदवार सरळ बाद! समजा एका जागेसाठी १०० मते आहेत. अ ला ४०, ब ला ३४, क ला २६. अ आणि ब या दोघांच्याही मतदारांची दुसरी पसंती क. समोरासमोर धरले तर क हा ब ला ६६-३४ आणि अ ला ६०-४० असा भारी. तरी पहिला बाद तोच.

आपण नुसत्या उगवणीवरून उसाचे वाण नाकारतो का? फुटवा, वजन, उतारा, खोडवा, सगळे बघतो.

म्हणून माझे मत असे : तळाच्या दोघांची सर्व मतपत्रिकांवर तुलना करावी आणि जो कमी लोकांना पसंत, त्याला बाद करावे. अनेक जागा असतील तेथे, ज्या मतांनी आधीच कोणी निवडून आला, त्यांचे उरलेले मूल्यच धरावे. नाहीतर मोठा गट लहान गटाचा हक्काचा उमेदवार पाडील.

यात मोजणी वाढेल, शिवाय आपली दुसरी पसंती आपल्याच पहिल्या उमेदवाराला नडू शकेल, हे आक्षेप खरे आहेत. तरीपण बहुसंख्यांना चालणारा माणूस पहिल्याच झटक्यात जाणे त्याहून वाईट. आपल्या घरच्या शिक्षक-पदवीधरांनी यावर जरूर विचार करावा.

— ऊस विकास अधिकारी