चौथी भिंत

फोंड्याला नवा फ्लॅट झाला आणि रंगावरून आमच्या घरात दोन तट पडले. हॉलच्या तीन भिंती पांढरट, यावर एकमत होते. भांडण उरले ते खिडकीसमोरच्या, टीव्हीमागच्या चौथ्या भिंतीचे. हल्ली तिला हायलाइट वॉल म्हणतात. मुलीला ती जांभळी हवी होती, सौभाग्यवतींना वाइन रंगाची. मी पडलो कारकून. दोन्ही टिपणे वाचली आणि फाइल प्रलंबित ठेवली.

निकाल लावला तो आईने. गावचे घर बंद करून तिला इथे आणायचे होते. रिकाम्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून शेडकार्ड तिच्या हातात दिले. तिने ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, मिटले आणि विचारले, "पुता, पावसाच्या दिसांनी हांगा उजवाड येतलो मरे?"

रंगाबद्दल एक शब्द नाही! पण आम्हां तिघांपैकी कुणालाच न सुचलेला प्रश्न तिने विचारला होता. आपण रंग निवडतो एप्रिल-मे महिन्यांत, डोळे दिपवणाऱ्या उन्हात. घरात राहायचे असते ते जून ते सप्टेंबरच्या अंधारातसुद्धा. नखाएवढ्या चौकोनात झकास दिसणारा गडद रंग दहा बाय बाराच्या भिंतीवर गेला की उजेड गिळून बसतो. त्यातही खिडकीसमोरची भिंत म्हणजे खोलीचा आरसा. बाहेरून आलेला उजेड तीच परत फेकते. नेमकी तीच आपण काळवंडून टाकतो, कारण टीव्ही तिथे आहे.

आमच्या गावच्या घराला रंगाचे वावडे नव्हते. बाहेरच्या भिंतींना खालून दोन हात उंचीपर्यंत काव असे. पागोळ्यांनी अंगणातली तांबडी माती भिंतीवर उडायची, आणि कावेवर ती दिसत नसे. वर आणि आत मात्र सगळा चुना. दर चवथीआधी तो नव्याने काढला जाई, आणि राजांगणातला उजेड त्या चुन्यावरून आतल्या खोल्यांपर्यंत पोचे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कोरत खालचा पांढरा उघडा करायचा, ही आपली कावी कलासुद्धा याच दोन रंगांवर उभी आहे. (या तांबड्या मातीचे मराठीतले एक नाव हुरमुंजी. ते आले इराणच्या होर्मुझवरून. ते बेटही १५१५ ते १६२२ या काळात पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते! असो.)

कुणी म्हणेल, पणजीतले फोंतेन्हास बघा, पिवळी, निळी, तांबडी घरे! जरूर बघावी. पण त्यांची कौतुकाने छायाचित्रे काढतात ती बाहेरच्या अंगाची, उन्हातली. बाहेरचा रंग येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असतो. आतल्या भिंतीसमोर घरातले माणूस दिवसभर बसणार असते, आणि आमच्या घरी ते माणूस अठ्याहत्तर वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेले आहे.

म्हणून माझे मत असे, की आधी भिंत ठरवावी, मग रंग. आम्हीही तसेच केले. टीव्हीमागची भिंत पांढरट राहिली. रंग गेला दारालगतच्या अरुंद भिंतीला, जिथे ओल्या छत्र्या टांगल्या जाणार आणि शाळेची दप्तरे घासणार. काव काही आणली नाही; पेंटरकडून इमल्शनमध्येच तशी तांबडी छटा करून घेतली. दोन फुटांचे तीन तुकडे रंगवून सकाळी, भर दुपारी आणि ट्यूबलाइट लावून पाहिले. पहिला विटकरी निघाला, दुसरा ट्यूबखाली चक्क तपकिरी. तिसऱ्याकडे आईने पाहिले आणि "जोत्याचो," एवढेच म्हणाली.

सौभाग्यवती आता "वाइन नाहीतरी फारच गडद होता" असे येणाऱ्यांना सांगतात. मुलगी मात्र दोन दिवस रुसली. शेवटी तिच्या खोलीची एक भिंत जांभळी करून दिली. तिथे खिडक्या दोन आहेत.