ओरिक्स बघितलात, आता तिवर बघा

मंडळी, थंडी सुरू झाली की मुलांना ओरिक्स कुठे दाखवायचा याची चर्चा सुरू होते. अल ऐनचं झू, सर बनी यास... दाखवाच. त्या प्राण्याची गोष्टच तशी आहे. १९७२ च्या सुमारास रानातला शेवटचा ओरिक्स ओमानमध्ये मारला गेला. उरले ते प्राणिसंग्रहालयांत आणि राखलेल्या कळपांत, त्यातला एक शेख झायेद यांनी अल ऐनला जपलेला. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडले गेले. रानातून संपलेला प्राणी परत रानात दिसणं ही साधी गोष्ट नाही.

पण मला विचाराल तर आपल्या मुलांना जास्त गरज आहे ती जुबैल बेटावरच्या मॅन्ग्रोव्हची. "त्यात काय बघायचं, झुडपंच तर आहेत!" हे वाक्य मी दहादा ऐकलंय.

अहो, ती झुडपं म्हणजे आपलं तिवर! ऐरोली-वाशीच्या खाडीत असतं तेच, जात सुद्धा तीच. आफ्रिकेपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेलं. इथे त्याला कुर्म म्हणतात. खाऱ्या पाण्यात उभं राहतं, नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पानाला बोट लावून जिभेवर ठेवा, खारट लागेल. कोळंबी-माशांची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात.

दुर्मिळ प्राण्याला राजे मिळतात, पैसा मिळतो. सगळीकडे उगवणाऱ्या झाडाला मात्र कोणी विचारत नाही. मुंबईत आपण त्यावर डेब्रिज टाकलं, भराव घातला. २००५ मध्ये हायकोर्टाला तोडीवर बंदी घालावी लागली. आणि इथे बसून आपण हप्ते भरतो ते नवी मुंबईतल्या 'क्रीक व्ह्यू' फ्लॅटचे. उद्या त्या खिडकीत आपली मुलं उभी राहतील, तेव्हा समोरच्या हिरव्या पट्ट्याला त्यांनी 'नुसता चिखल' म्हणावं की 'हे तर अबुधाबीतलं झाड'? मला तरी दुसरं हवंय. आणि 'तिवर' हा शब्द त्यांना आईबाबांकडूनच मिळेल, तिथल्या पाटीवर तो नाही.

जाताना ओहोटीची वेळ बघून जा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासाची मुळं भरतीला पाण्याखाली जातात.