नव्या घरातील सफाई आणि जयणा

विष्णुपुरीच्या परिसरात घर बांधणाऱ्याला उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यात गोदाकाठची चिलटे, मुंग्या ही ठरलेलीच. म्हणून भिंतीतून नळ्या फिरवलेल्या मध्यवर्ती व्हॅक्यूम यंत्रणेचा विचार पुढे येतो. तो प्लास्टर होण्यापूर्वी व्हावा आणि त्यात धर्मविचारालाही स्थान असावे.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांचे १९०१ चे यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभे राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. आजही तत्त्व तेच. मोटार व धूळपेटी जिन्याखाली किंवा गॅरेजमध्ये, भिंतीत सुमारे २ इंच व्यासाची पीव्हीसी नळी आणि खोल्यांत झाकणाची तोंडे. तोंडाला साधारण ९ मीटरची लवचीक नळी जोडली की ओढ सुरू होते. हवा घराबाहेर सोडली तर बारीक धूळ खोलीत परतत नाही. दम्याच्या रुग्णाला हा मोठाच दिलासा.

मात्र साडेचार इंची भिंतीत २ इंचांची खाच पाडणे म्हणजे भिंत जवळजवळ अर्धी कापणे. कॉलम-बीमला तर हातच लावू नये. नळीसाठी स्लॅब ओतण्यापूर्वी जागा राखावी, वळणे ऐसपैस ठेवावीत, कपाटे-पलंग नकाशावर मांडून मगच तोंडांच्या जागा ठरवाव्यात. मोटारीला वायरिंग स्वतंत्र हवे. घरातला इन्व्हर्टर ती ओढील या भरवशावर राहू नये. आपल्याकडे फरशीची घरे, गालिचे थोडे. त्यामुळे दोन-तीन खोल्यांच्या घरात हा खर्च व्यर्थच म्हणावा लागेल.

आता मुख्य प्रश्न. पुंजणी असो वा पिच्छी, ती जीवाला हळुवार बाजूला सारते. यंत्र त्याला ओढून घेते. मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय. नळीतल्या वेगातून आणि पेटीतल्या धुळीतून असा जीव वाचणे कठीणच. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वस्वी टळत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण समोर मुंग्यांची रांग दिसत असताना तिच्यावर नळी धरली, तर त्या हिंसेला आरंभी कसे म्हणावे? तेथे संकल्प आला. म्हणून आधी दृष्टी, मग पुंजणी, मग यंत्र, हा क्रम सुनांना जसा सांगायचा तसाच घरकामाच्या बाईंनाही आवर्जून सांगावा. नळी बहुधा त्यांच्याच हाती असते.

स्वयंपाकघरात ओट्याखाली जमिनीलगत बसवायचे जे तोंड विक्रेते सुचवतात, ते घेऊ नये. सांडलेल्या दाण्यांसह किडे-मुंग्या न पाहताच त्यात लोटल्या जातात. चातुर्मासात यंत्राचा वापर गाद्या, पडदे, सोफा एवढ्यापुरता ठेवला तरी चालते. धूळपेटी दिवसाउजेडीच उघडावी आणि कचरा न जाळता कोरड्या सावलीत अलगद मोकळा करावा. एखादा जीव तगला असेल तर त्याला वाट मिळते.