हिशेबनिसाचा डावा हात

आषाढ-श्रावणातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणावरून परतणारी गर्दी लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांपुढे लोटते, तेव्हा दर्शनी भागातली लगबग सर्वांनाच दिसते. परंतु त्याच दुकानाच्या मागल्या अंगाला, डब्यांच्या थप्प्यांआड, संगणकापुढे बसून घाऊक मालाची बिले उतरविणाऱ्या हिशेबनिसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला त्याचे काम पाहत राहावेसे वाटते. टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीमध्ये विक्रीची नोंद करावयाची झाली की एफ-आठ, खरेदीला एफ-नऊ, पैसे दिले तर एफ-पाच, आले तर एफ-सहा. नव्या गिऱ्हाइकाचे खाते काढण्यासाठी चालू बिल सोडून बाहेर पडण्याची गरज नाही, ऑल्ट आणि सी या कळांनी ते जागच्या जागी निघते. आणि कंट्रोलसह ए दाबला की नोंद कायम होते. हे सारे चालू असता त्याची दृष्टी शेजारच्या कागदावरील आकड्यांवर खिळलेली असते, पडद्याकडे तो केवळ रुजुवातीपुरता पाहतो, आणि माऊस बाजूला स्वस्थ पडून असतो.

माऊसची निंदा करावी असा माझा मुळीच हेतू नाही. ज्याने आयुष्यात प्रथमच संगणकाला हात लावला, त्याला पडद्यावरची चिन्हे पाहून वाट काढता येते, ही सोय लहान नव्हे; चित्र रेखाटणाऱ्याचे किंवा पत्रिकेची मांडणी करणाऱ्याचे काम तर त्यावाचून अडेल. परंतु चिन्ह दर वेळी नजरेने शोधावे लागते, आणि कळ एकदा अंगवळणी पडली की शोधावी लागत नाही. हा भेद दिवसातून एकदाच काम करणाराला जाणवणार नाही, तोच सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकच नोंद शेकडो वेळा करणाऱ्या कारकुनाच्या मनगटाला व डोळ्यांना पुरेपूर जाणवतो.

माऊसच्या जनकालाही या दोहोंत वैर अभिप्रेत नव्हते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाणकारांच्या परिषदेपुढे आपली संगणकव्यवस्था चालवून दाखविली, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटीशी पट्टी होती, जिच्यावर बोटांच्या निरनिराळ्या जुळण्या दाबून अक्षरे उमटविता व हुकूम सोडता येत. उजव्याने जागा दाखवावी, डाव्याने आज्ञा द्यावी, अशी ती योजना. पुढे माऊस घरोघरी पोहोचला, आणि ती पट्टी शिकावयास अवघड म्हणून मागे राहिली. डाव्या हाताच्या आज्ञांपैकी कंट्रोलसह दाबावयाची झेड, एक्स, सी, व्ही ही कळफलकाच्या खालच्या ओळीतली, डाव्या हाताला सहज सापडणारी चौकडी तेवढी आज सर्वांच्या परिचयाची आहे.

टॅलीची एक गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटते. तिच्या पडद्यावरील बटणांवरच कळ छापलेली असते: अक्षराखाली एक रेघ म्हणजे ऑल्टसह दाबावे, दोन रेघा म्हणजे कंट्रोलसह. नवखा माणूस बटण पाहून माऊसने काम उरकतो, आणि ते करता करता कळ त्याच्या ध्यानात राहते. चिन्हपट्टीने असा शिक्षकाचा धर्म पाळला, तर तिच्याविषयी माझी कसलीच तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती संगणकावर भरावयाच्या दाखल्यांच्या अर्जांविषयी. मावळातल्या एखाद्या सेवा केंद्रात, आंदर मावळातून भाताची लावणी अर्धी टाकून आलेला वृद्ध शेतकरी बाकावर बसलेला असतो. ‘बाबा, जन्मतारीख सांगा’ असे चालक विचारतो, बाबा आधारकार्ड पुढे करतात, आणि तारखेच्या चौकटीत आकडे टंकण्याची मनाई असल्यामुळे चालकाला चालू महिन्यापासून मागे जाणाऱ्या दिनदर्शिकेशी झुंजावे लागते. जन्म १९५२ सालचा असेल आणि ती दिनदर्शिका महिन्या-महिन्यानेच मागे सरकत असेल, तर आठशेहून अधिक टिचक्या. आठ आकडे टंकावयास दोन पळेही लागली नसती. बाहेर रांग वाढते, दुपारची एसटी चुकते, आणि दोष मात्र बिचाऱ्या चालकाच्या माथी येतो.

वास्तविक त्या चालकापाशी कौशल्याची वाण नसते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी टंकलेखनाची परीक्षा मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांच्या गतीने उत्तीर्ण झालेली मुले-मुली तळेगाव-वडगावच्या बाजूला पुष्कळ आहेत. क आणि ख एकाच कळेवर असतात, शिफ्टने अल्पप्राणाचा महाप्राण होतो, ही इनस्क्रिप्टची शास्त्रशुद्ध रचना ज्यांनी कळफलकाकडे न पाहता आत्मसात केली, त्यांच्या बोटांना अर्जाच्या पहिल्याच पानावर खीळ बसावी, याचे मला मनापासून दुःख होते. म्हणून माझी विनंती एवढीच की, कोणताही नवा अर्ज तालुक्याला धाडण्यापूर्वी तो रचणाऱ्यांनी अशा एका चालकाला समोर बसवावे, माऊसची तार उपसून ठेवावी, आणि पहिल्या चौकटीपासून पोचपावती छापेपर्यंत तो अर्ज त्याच्याकडून भरून घ्यावा. जिथे त्याचा हात अडेल, तिथे दुरुस्ती करावी आणि मगच अर्ज जारी करावा.