पाणी पाहून पाहुणे

कोकण किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांविरुद्ध ब्र काढला की उत्तर तयार असतं : रोजगार नको का? कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे पाण्याची कसली चिंता? आणि राळेगणसिद्धीचे दाखले दुष्काळी गावांना द्या, समुद्राकाठी त्यांचं काय काम? हे तिन्ही मुद्दे तपासून पाहू.

आधी पाऊस. तो चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून, जांभ्यातून झिरपत समुद्राला मिळतो. एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात आणि नेमक्या त्याच सुट्टीत रिसॉर्टच्या खोल्या भरतात. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे चाळीस मीटर वर चढू शकतं. जलतरण तलावासाठी बोअर उपसायची रिसॉर्टने आणि विहीर मचूळ व्हायची शेजारच्या वाडीची! एकदा खारं झालेलं पाणी गोडं व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

आता रोजगार. ज्याने जमीन विकली, त्याचाच मुलगा तिथे पहारेकरी होतो, तेव्हा त्याला नोकरी मिळाली हे खरं. पण मालकी गेली हेही तितकंच खरं. आणि रापणीचं काय? सिंधुदुर्गात किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढतात, दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. त्यासाठी मोकळी पुळण लागते. कुंपण आणि खुर्च्या आल्या की रापण ओढायची कुठे? हा बुडालेला रोजगार कुणी मोजत नाही. वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारी मर्यादवेल उपटली जाते, झगमगाटाने कासवांची पिल्लं समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात. त्यात २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला.

राहिला राळेगणचा मुद्दा. पारनेर तालुक्यातल्या या गावी पाऊस जेमतेम ४००-५०० मिलिमीटर. १९७५नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे नालाबांध आणि पाझर तलाव झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बांध घालणं हे अर्धंच काम. पाणी आल्यावर गावाने उसासारख्या तहानलेल्या पिकाला नकार दिला. त्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. ४०० मिलिमीटरवाल्यांना हा संयम जमतो, तर ३००० मिलिमीटरवाल्यांना का जमू नये?

पर्यटन हवंच, पण ते गावाच्या हिशेबात बसणारं हवं. मे महिन्यात विहिरीला किती पाणी उरतं, त्यावर किनाऱ्यावरच्या खोल्यांची संख्या ग्रामसभेने ठरवावी. व्यावसायिक बोअरला बंदी असावी, सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरणं सक्तीचं असावं, पुळण रापणकरांसाठी मोकळी राहावी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं पाहायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचं जेवतात. पैसा गावात राहतो आणि कासव जगवण्यात गावाचाच फायदा असतो. हा मार्ग प्रत्यक्षात चालतो आहे.

आपण सुट्टीला जाणाऱ्यांनीही खोली घेताना एक प्रश्न विचारावा : इथलं पाणी कुठून येतं? उत्तर मिळालं नाही, तर तिथे उतरू नये. गावाच्या पिण्याच्या पाण्यावर पोहण्याचा हक्क कोणत्याही भाड्याने विकत मिळत नाही.