हिरड्यांचे रक्त रोज्यावर ढकलू नका

हिरड्यांतून रक्त आले की अनेकजण म्हणतात, ‘रोजा आहे, पोट रिकामे आहे.’ हे खरे नाही. दातांच्या मुळाशी साचलेल्या जंतूंचे विष हिरडीत झिरपते, तिला सूज येते. शरीर प्रतिकार करते. पण ही लढाई लांबली की शरीराच्याच पेशी जबड्याचे हाड झिजवू लागतात. बहुधा दुखत नाही, म्हणून दात हलेपर्यंत कळत नाही. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

मिस्वाक ही पैगंबरांची सुन्नत. तिचा हेतूच स्वच्छता. सहरी झाल्यावर अजानपूर्वी आणि रात्री झोपताना ब्रश करा. दगडासारखा झालेला थर मात्र दंतवैद्यच काढू शकतो. त्यासाठी ईदची वाट पाहू नका. इफ्तारनंतरची वेळ मागा. उपवास रमजानचा असो वा एकादशीचा, हिरड्यांना दोन्ही सारखेच.