सायकलीचा रस्ता

कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्यानंतर खडवली स्थानक लागते. भातसा नदी तेथून जवळच आहे. रविवारी नदीवर सहलीची झुंबड उडते. परंतु इतर दिवशी आसपासच्या गावरस्त्यांनी सायकलवरून जाणाऱ्यास भाताची खाचरे, त्यांत उभे बगळे, बांधावरून हाक देणारा शेतकरी, सारे निवांत भेटते. मोटारीतल्या माणसास यांतले काय दिसणार?

रस्ता रुंद झाला की गावाचे भले झाले, असे लोक मानतात. आजाऱ्याला रुग्णालयात लवकर न्यावयाचे तर तसा रस्ता हवाच. परंतु रुंदीबरोबर वाहनांचा वेगही वाढतो आणि शाळेस निघालेली सायकलवरची मुले कडेच्या चिखलात लोटली जातात.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सायकलस्वारांसाठी सुमारे ९०० किलोमीटरांचा मार्ग आहे. तो सगळाच काही नव्याने बांधलेला नाही; पुष्कळ ठिकाणी गावांमधले कमी रहदारीचे रस्तेच त्यात घेतले आहेत. भातसेकाठी एवढा थाट नको. गावरस्ता रुंद करताना कडेची चार हात जागा सायकलींसाठी राखावी आणि तीवर दुकाने मांडू देऊ नयेत. मात्र हे आखणीच्या वेळीच व्हावयास हवे. एकदा डांबर पडले की ती जागा मोटारींकडून परत मिळणे कठीण.